तिसरं पॅनेल

३ ऑगस्ट १९९७, तुर्भे
दर रविवारसारखा आजही डोंगरावर, ताईच्या दवाखान्यात. थोरली बहीण तिथं नर्स. पाड्यावर वीज नाही, लशींचा फ्रिज सोलरवर. दोन पॅनेल मीच बसवलेली. ढग इतके की बॅटरी भरतच नाही. संस्थेनं तिसरं पॅनेल पाठवलंय.
"जोड की रे."
म्हटलं, बॅटरीकडे जाणारा करंट आवरणारा कंट्रोलर दहा अँपिअरचा. दोन पॅनेलचेच साडेनऊ होतात, तिसऱ्यानं चौदा. जळेल.
"ऊन कुठंय जळायला?"
खरंच, कुठंय. तरी नाही जोडलं.

९ ऑगस्ट
लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार पालथा घातला. वीसचा कंट्रोलर कुणाकडेच नाही. मागवावा लागेल, दिवाळी उजाडेल. डोकं आउट.

१४ ऑगस्ट
कंपनीत ताईचा फोन, खालच्या गावातून. फ्रिज गरम होतोय. "तू येत नसशील तर मी लावून घेते कुणाकडून तरी." नको, नको म्हणेपर्यंत लाईन कटली.

१९ ऑगस्ट
सकाळी लख्ख ऊन. हाफ डे टाकून वर गेलो.
लावलं होतं तिसरं. कंट्रोलर आतून शॉर्ट, सगळा करंट सरळ बॅटरीत. पाणी उकळून गेलेलं, आंबट वास. फ्रिज बंद. ताईनं लशी मागे खड्डा करून पुरल्या. रडली नाही. हात धूत राहिली नुसती.


२४ ऑगस्ट
पाड्यावर गोवर. बाळी कातकरीण तान्ही पोरगी घेऊन आली, अंगभर पुरळ, तापानं फणफणलेली. "तुमीच म्हनला व्हता ना बाय, बुधवारी सुई देते? आलू त नाय म्हनला." ताईनं औषध दिलं, खाली हॉस्पिटलात ने म्हणाली. बाळी नाही गेली.
येताना वाटलं, हे सगळं उपटून दरीत टाकावं.

३१ ऑगस्ट
ओळखीच्या एकाकडून जुना आठ अँपिअरचा कंट्रोलर मिळाला. तिसरं पॅनेल एकट्यानं त्यावर, पहिल्या दोघांना दहाचा नवा. बॅटरी एकच. दोन्हींचे आकडे मर्यादेत. बॅटरी निम्मीच धरते आता. किती टिकेल, देव जाणे.

७ सप्टेंबर
फ्रिज थंड. नव्या लशी आल्यात. आज सुईचा दिवस, मुद्दाम रविवारी ठेवलेला. ताई सकाळपासून दारात बसून. एकही बाई नाही आली.
दुपारी बाळी आली. एकटीच. उंबऱ्यापाशी थांबली, आत येईना.
ताईनं विचारलं, "पोर कशी आहे गं?"
बाळी फ्रिजकडे बघत राहिली.