रिंगखालची जागा

कोथरूड, पुणे
डिसेंबर २००५

आदरणीय रामदास मामाजी,

तुम्हाला आणि मामीजींना सप्रेम जयभीम, आणि तुमच्या उजव्या गुडघ्याला वेगळा. डावा गुडघा ठीक असणारच, कारण त्याच्याबद्दल तुम्ही कधी काही बोलत नाही. मामीजींची साखर आटोक्यात आहे ना? नागपुरात संत्री सुरू झाली असतील, टोपली त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. इकडे मी खुशाल आहे. फक्त माझी उंची अजून तेवढीच आहे आणि पुणं अजून बुटकंच आहे. खराडीला जाणाऱ्या ऑफिसच्या बसमध्ये माझे गुडघे हनुवटीशी येतात, कॉट संपते तिथून माझी पावलं सुरू होतात, आणि घरमालक रोज सकाळी आधी पंख्याकडे, मग माझ्याकडे बघून 'जपून हो, पंखा नवा आहे' एवढंच म्हणतात.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला 'मुद्द्यावर ये' म्हणता, आणि ही हकीकत मुद्द्यावर येऊन सांगितली तर तुम्ही फोन ठेवून द्याल. शिवाय एक शब्द आपल्या घरात चालत नाही, हे मला ठाऊक आहे. (लहानपणी मी तो शब्द उच्चारून विहिरीकडे बोट दाखवलं, तेव्हा तुम्ही मला त्याच विहिरीत डोकवायला लावलं होतंत आणि विचारलं होतंत, काय दिसतं? पाणी दिसलं होतं.) तेव्हा तो शब्द या पत्रात कुठेही येणार नाही. वाचताना तुमच्या मनात आला, तर ती जबाबदारी तुमची.

कुठेही गेलास तरी आधी मैदान शोध, असं तुम्ही निघताना सांगितलं होतंत. शोधलं. आमच्या सोसायटीमागे एका शाळेचं बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट आहे, तिथे संध्याकाळी एक टीम खेळते. बापूराव म्हणून कोच आहेत. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं (वेळ लागला) आणि म्हणाले, "उंची आहे. खेळ असेल तर बघू." दत्तप्रसाद गेल्यापासून त्यांना रिंगखाली उभा राहणारा कोणी मिळाला नव्हता. आता कोथरूडमध्ये 'मुलगा गेला' म्हटलं की तो अमेरिकेला गेला, हे कळायला मला पुण्यात आठवडासुद्धा लागला नव्हता. आमच्या जिन्यातल्या निम्म्या दारांमागचे मुलगे असेच गेलेत. म्हणून मी आपली चौकशी केली, कॅलिफोर्निया की न्यू जर्सी? संजय (आमचा चेंडू वर आणणारा, बोलण्यात काटकसरी) म्हणाला, "तिकडून परत येत नाहीत." मी म्हटलं, अगदी खरं, एकदा ग्रीन कार्ड मिळालं की कोण येतंय. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, त्याचा व्हिसा नाकारला असेल.

मामाजी, ही टीम मला हवी होती. ऑफिसात दिवसभर माझं तोंड बघणारा फक्त मॉनिटर आहे, आणि या अख्ख्या शहरात मला 'अभय' अशी हाक फक्त या कोर्टावर ऐकू येते. पण बापूरावांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं. रविवारी खराडीच्या एका कंपनीच्या टीमशी सामना आहे, त्यात बसलास तर जानेवारीच्या स्पर्धेला आमच्याबरोबर नागपूरला, नाहीतर नमस्कार. पुण्यात नमस्कार म्हणजे काय, ते तुम्हाला नागपुरात बसून कळणार नाही.

म्हणून मी तुम्ही शिकवलंत तसाच रिंगखाली उभा राहिलो. रिंगकडे पाठ, कोपर बाहेर, पाय रोवलेले. आता या टीमची एक रीत आहे. पास देणारा ओरडतो 'जागा?' आणि जो मोकळा असेल तो ओरडतो 'आहे!' की पास त्याच्याकडे. संजय ओरडायचा 'जागा?' मी तोंड उघडायच्या आत माझ्या पाठीमागून, अगदी सावकाश आवाजात, 'आहे' यायचं. पास यायचा तो माझ्यापासून हातभर बाजूला. वाईट पास नव्हे हो, सुरेख पास, छातीच्या उंचीचा, फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी छातीच्या. वळून बघावं तर मागे खांब. दिवसभर ऊन खाल्लेलं सिमेंट तेवढ्याच तुकड्यात गार लागायचं, बुटांतूनसुद्धा. आणि मानेवर श्वास लागायचा. मामाजी, माझ्या मानेवर आजवर कोणाचा श्वास लागलेला नाही, लोकांचे श्वास माझ्या कोपराला लागतात. मी ऑफिसातल्या एसीला दोष दिला, आणि मफलर घालून खेळायला लागलो. बापूरावांनी मफलरकडे बघितलं आणि विचारलं, "लग्नाला निघालात का?"

कोर्टाच्या कडेला सुशीलाबाई नावाच्या एक बाई रोज घडीची खुर्ची टाकून बसतात. अंगात स्वेटर, शेजारी थर्मास, आणि थर्मासवर दोन कप. परवाच्या बुधवारी मी रिंगखाली धडपडत होतो, तेव्हा त्यांनी हाक मारली, "अहो उंच, जरा बाजूला व्हा. आमचा दिसत नाही." रिंगमागे घसरगुंडी आहे, तिथे त्यांचा नातू असणार असं धरून मी सरकलो. "अजून." मी अजून सरकलो. "अजून, अजून. तुम्हाला सरकायला सांगणं म्हणजे कपाट हलवणं झालं." असं करत करत मी फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यापर्यंत आलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "हं. तिथेच राहा." नव्या गावात वडीलधाऱ्या बाईशी वाद कशाला घाला, म्हणून मी तिथेच राहिलो.

आणि तिथून मला सगळं कोर्ट दिसलं. इतकी वर्षं मी कोर्टाकडे पाठीनेच बघत आलोय, हे त्या दिवशी लक्षात आलं. संजयचा पास आला तो थेट माझ्या हातात. मी रिंगकडे तोंड करून फेकला, गेला. पुन्हा फेकला, पुन्हा गेला. (तू उंच आहेस, नेमबाज नाहीस, असं तुम्ही म्हणायचात. हा पुरावा मी सादर करून ठेवतो.) मग कोणीतरी 'जागा?' ओरडलं, रिंगखालून 'आहे' आलं, आणि चेंडू माझ्या हातात होता. काय करणार? टाकला आत. तिथे कोणी नव्हतं. चेंडू रेषेबाहेर जायला हवा होता, तो उलटा माझ्याकडे आला, इतका जोरात की तळहात लाल झाले. सगळे सवयीने पुढच्या चालीला लागले.

खेळ संपल्यावर मी संजयला विचारलं, सुशीलाबाईंचा नातू कुठला? तो म्हणाला, नातू कुठला, त्या दत्तप्रसादची आई. मी म्हटलं, अरेरे, मुलाने अमेरिकेला बरोबर न्यायला हवं होतं. तेव्हा संजय बुटाची नाडी सोडता सोडता थांबला. "अमेरिकेला कोण गेलं? कावीळ झाली त्याला. मागच्या पावसाळ्यात." मी सिमेंटवर बसलो. जिथे बसलो तिथे गार लागलं, म्हणून उठून दुसरीकडे बसलो. तिकडे सुशीलाबाई थर्मासचे दोन कप भरत होत्या. एक त्यांनी घेतला, दुसरा रिंगच्या खांबाशी ठेवला. मला फार वाईट वाटलं, मामाजी, आणि खरं सांगायचं तर भीतीही तेवढीच वाटली.

तरी रविवारी गेलो. फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यावर उभा राहिलो आणि रिंगखाली आमचं कोणी नव्हतं. म्हणजे दिसत नव्हतं. थोड्या वेळाने खराडीवाल्यांचा आडदांड गडी रेफरीकडे तक्रार घेऊन गेला, की मला मागून ढकलतायत. रेफरीने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यातलं आणि त्याच्यातलं अंतर पाहिलं. नंबर काय, असं विचारल्यावर तो गडी म्हणाला, चौदा. आमच्या बाकावर चौदा नंबरचा बनियन कोणाकडेच नाही, तो सुशीलाबाईंच्या स्वेटरखाली असतो. शेवटी शेवटी दोन्ही बाजू बरोबरीत असताना संजय ओरडला 'जागा?' आणि आतून तो सावकाश आवाज आला. मी डोळे मिटले आणि आत टाकला. डोळे उघडले तेव्हा चेंडू जाळीतून खाली पडत होता. रेफरीने विचारलं, कोणी टाकला? बापूरावांनी मान वर न करता सांगितलं, "आमचाच." रेफरीने तो माझ्या नावावर लिहिला.

सामन्यानंतर सुशीलाबाईंनी मला चहा दिला, स्वतःच्या कपातला. म्हणाल्या, "तुम्ही बाजूला छान होता." पुण्यात मिळालेली ही माझी पहिली शाबासकी.

तेव्हा मामाजी, रिंगखाली माझी जागा नाही. तुम्ही ती मला दिलीत, तिच्यासाठी स्वतःचा गुडघा घालवलात, आणि मी ती सोडली. रागवा, पण मी इथे बसलो. टीममध्ये बसलो आणि या गावातही बसलो.

मामीजींना संत्री मोजूनच द्या.

तुमचा बाजूला झालेला भाचा,
अभय

ता.क. जानेवारीत टीम नागपूरला येतेय. उतरायचं कुठे यावर इथे चर्चा चालली होती, तर मी आपला हॉल सांगून बसलो. आम्ही सगळे, बापूराव आणि सुशीलाबाई. सुशीलाबाईंनी एक गादी जास्तीची घालायला सांगितलीय, लांब, दाराजवळ. मी बापूरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "घाला की. गादीचं काय जातं?" खरं म्हणजे हे पत्र त्या गादीसाठीच आहे. दत्तप्रसादच्या आईंना नाही म्हणू नका.

आणखी ता.क. तुम्ही त्या गादीपाशी मला नेऊन विचाराल, काय दिसतं? गादी दिसेल, हे मी आत्ताच कबूल करतो. फक्त एवढं ऐका. तुमची झोप सावध. रात्री दिवे मालवल्यावर कोणी हळूच 'जागा?' असं विचारलं, तर अभय विचारतोय असं समजून 'आहे' म्हणू नका. तुमचा गुडघा अधू, आणि त्याचा पास फार जोरात येतो.