पुलापलीकडे, पायी

आई, परवा मी खालाकडे जाऊन आले आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझ्यामागे या शहरात काय काय झालं ते सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. ते राहू दे. मला एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती सांगायची तर तुझ्या त्या पहिल्या चालण्यापासून सुरुवात करायला हवी. तू म्हणशील, मला काय सांगतेस, चालले तर मीच होते. खरं आहे. पण तुझं बोट धरून मी चालत होते, आणि आठ वर्षांच्या पोरीला खालून जे दिसतं ते मोठ्यांना वरून दिसतंच असं नाही.

त्या वर्षी बाबा घरात सारखं म्हणायचे, आपण बेटावर राहतो. चारी बाजूंनी हिंदुस्थान स्वतंत्र झालेला आणि मधोमध आपलं संस्थान तसंच. मी गच्चीवर चढून समुद्र शोधायची आणि चिक्कडपल्लीच्या बाजूची झाडं बघून खाली यायची. साखर मिळेना, रॉकेल मिळेना, मिठालासुद्धा रांग. बाबा चिडायचे, तू गप्प असायचीस. मला आता वाटतं, तुला त्या बेटाचं नवल वाटत नव्हतं, कारण तू आधीपासूनच एका बेटावर राहत होतीस. परभणीकडच्या शेतकऱ्याची लेक तू. बांधावरून अनवाणी पळणारी. जामबागेत सरकारी दफ्तरातल्या माणसाची बायको होऊन आलीस आणि तुझ्या पायांचं काम संपलं. आपल्यासारख्या नोकरदार घरांनी दरबारी चालीरीती उचललेल्या. बाई बाहेर पडायची ती पडदा बांधलेल्या रिक्षेतून. लग्नाला बारा वर्षं होऊन गेली तरी तू या शहराचा एकही रस्ता धड पाहिलेला नव्हतास.

पाहिलेला नव्हतास, पण पाठ होता. मला त्याचं केवढं कौतुक! पडद्याआड माझ्या शेजारी बसून तू हळूच सांगायचीस, "आता फळबाजार आला बघ." मी फट करून पाही, तर खरंच पेरूंचे ढीग. फिनेलचा वास आला की मोठा दवाखाना, म्हणजे पूल जवळ. चाकांचा आवाज पोकळ झाला, गार वाऱ्यानं पडदा फुगला की मुसी नदी. अत्तराचा वास आला की पत्थरगट्टी. आणि तिथून पुढं वर्क कुटणाऱ्यांची ठकठक सुरू झाली, ते चांदी कुटून कुटून मिठाईवर लावायचा वर्क करायचे ना, ती ठकठक ऐकू आली की तू म्हणायचीस, "आता डावीकडं." रिक्षा डावीकडं वळायची. त्या गल्लीत खालाचं माहेर होतं. तू एकदाही चुकली नाहीस.

खाला म्हणजे आपल्या शेजारची. आपल्या आणि तिच्या घराच्या मधल्या भिंतीला खिडकी होती आणि तुमचा सगळा संसार त्या खिडकीतून चालायचा. तिकडून शीरखुर्मा यायचा, इकडून पुरणपोळी जायची, आणि भांडं रिकामं परत करायचं नाही हा दोघींचा कायदा. तू नवी नवरी असताना तिनं तुला 'दुल्हन' म्हटलं, ते तुझे केस पिकले तरी बदललं नाही. तू तिला आपा म्हणायचीस. तिच्या गळ्यात काळी पोत होती, तुझ्या मंगळसूत्रासारखीच काळ्या मण्यांची. आपल्याकडच्या मुसलमान सवाष्णी घालतात ती. मी लहानपणी समजत होते की तुम्ही दोघींनी ती एकाच दुकानातून घेतली. तिचे यजमान महसूल खात्यात होते आणि त्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली ती नेमकी तुझ्या माहेरच्या तालुक्यात. दिवस वाईट होते. खाला खिडकीत उभी राहून रडत होती. तू तिचा हात धरून म्हणालीस, "रोने का नै आपा, माझं माहेर आहे ते. माझा भाऊ है उधर. वो देखेगा." आणि तू मामाला तसा निरोपही धाडलास. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मग हिंदुस्थानची फौज आली. आपल्या गल्लीत गुलाल उडाला, बाबांनी रुमी टोपी ट्रंकेत टाकली आणि कुठून तरी पैदा केलेली पांढरी टोपी घालून ते दिवसभर लोकांना मिठ्या मारत हिंडले. बेट संपलं म्हणाले. तू गुळपापडी केलीस, साखर नव्हतीच. पण तुझं लक्ष सारखं खिडकीकडं. खाला ईद झाल्यावर चार दिवसांसाठी म्हणून माहेरी गेली ती परतलीच नव्हती. तिच्या दाराला कुलूप, आणि तिचं ईदचं भांडं आपल्याकडं पडून. आठवडा गेला. आपला नेहमीचा रिक्षावालाही पुलापलीकडचाच, तोही येईना. एक दिवस बाबा दफ्तरात गेल्यावर तू त्या भांड्यात गुळपापडी भरलीस, वर रुमाल बांधलास आणि मला म्हणालीस, "चल गं, पायी जाऊ."

मी तुझ्याकडे बघतच राहिले. तू म्हणालीस, "काय बघायलीस? पाय देवानं दिलेतच ना?"

आई, तुला रस्त्यावर पायी चालताना पाहण्याचा तो धक्का मी अजून विसरलेले नाही. कोपऱ्यावर येऊन तू थांबलीस आणि तुला काही उमगेना. एवढी उंच घरं, एवढी माणसं, झेंडे, बाप्ये टक लावून बघणारे. बारा वर्षं जे पाठ केलं होतंस ते डोळे उघडल्याबरोबर सगळं विसरलीस. मी म्हणाले, आई, विचारूया कोणाला तरी. तू ऐकलं नाहीस. तू पदर नाकापर्यंत ओढून घेतलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि आंधळ्यासारखी चालायला लागलीस. आणि बघ, लागला रस्ता! फळबाजार. फिनेल. पूल. लोक हसत होते, एक बाई तर थांबून म्हणाली, "दिसत नाही का हो बिचारीला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू मात्र पदराआड खुशीत होतीस. पुलावर वारा लागला तेव्हा हसलीस सुद्धा.

पूल ओलांडला आणि तू थबकलीस. अत्तराचा वास नाही. तू पुन्हा पुन्हा नाकानं श्वास घेत होतीस. दुकानांच्या फळ्या लावलेल्या. मी वर बघितलं तर खिडक्यांच्या जाळ्यांमागं डोळे, पण आवाज म्हणून नाही. आपण चालत राहिलो. तू कुजबुजलीस, "ठकठक ऐकू येते का गं?" मी नाही म्हणाले. पुन्हा थोडं पुढं गेलो. "आता?" नाही. वर्क कुटणारा एकही जण बसलेला नव्हता. मग तू पदर मागं सारलास. एका पुलाच्या अलीकडं गुलाल आणि पलीकडं हे. तू मला म्हणालीस, "अगं, हे काय झालंय?" जसं काही मला माहीत असणार. गल्ली शेवटी मीच ओळखली, पडद्याच्या फटीतून पाहिलेल्या हिरव्या दारावरून.

कडी वाजवली. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "कौन?" तू म्हणालीस, "मी." तुझं नावगाव काही नाही, नुसतं मी. दार बोटभर उघडलं.

"दुल्हन? किसके साथ आए?"

"पायी आले."

"पैदल?" खालानं तोंडावर हात ठेवला. "हाय अल्ला, पैदल आए? नदी के उस पार से?"

त्या महिन्यात राज्य गेलं, राज्य आलं, पण त्या क्षणी त्या बाईला त्याहून मोठं नवल हे होतं की तू चालत आलीस. मला हसू फुटणार होतं. तेवढ्यात तिनं आपल्याला आत घेतलं, अंगणातलं ऊन तिच्या अंगावर पडलं, आणि तुझी नजर तिच्या गळ्यावर गेली ती तिथंच खिळली. म्हणून मीही पाहिलं. काळी पोत नव्हती. हातात बांगड्या नव्हत्या. तुझ्या हातात आनंदाची गुळपापडी, आणि ती कुठं ठेवावी हे तुला कळेना. माणूस मेल्याचं कोणी न बोलता कळतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"दौरे पे गए थे," खाला एवढंच म्हणाली. "तार आया."

तू विचारलंस, "कौनसा गाँव, आपा?"

तिनं मान हलवली. "नक्को पूछो दुल्हन. नक्को पूछो." आणि ती खाली बसली. तुझ्या पायांना फोड येऊन फुटले होते, टाचेतून रक्त येत होतं. चालायची सवय कुठं राहिली होती तुला? तिनं तांब्याभर पाणी घेतलं आणि तुझे पाय धुवायला लागली. तू पाय मागं ओढलेस. तिनं सोडले नाहीत. "पावां देखो तुमारे," म्हणत ती धूत राहिली आणि तू भिंतीला धरून उभी, डोळे विस्फारलेले, एक अश्रू नाही. मग तिनं रुमाल सोडून गुळपापडीचा तुकडा माझ्या तोंडात घातला. तो मी गालात तसाच धरून बसले.

त्यानंतर तू कधी रिक्षेत बसली नाहीस. तिला नवऱ्यामागच्या इद्दतीत चार महिने दहा दिवस घराबाहेर पडता येत नव्हतं, म्हणून तू दर शुक्रवारी पायी गेलीस. शुक्रवारची सुट्टी जाऊन रविवारची आली तेव्हा रविवारी. इद्दत संपली, ती माहेरीच राहिली, तुझं जाणं चालूच. बाबांनी आधी आरडाओरड केली, मग सोडून दिलं. मला घेऊन तू सगळं शहर पायाखाली घातलंस, नामपल्लीपासून चारमिनारापर्यंत, डोळे उघडे ठेवून. माहेरी मात्र तू परत गेली नाहीस. मामा दर भाऊबीजेला यायचा, पाटावर बसायचा, तबक तयार असायचं आणि तू स्वयंपाकघरातून म्हणायचीस, "तूच ओवाळ गं मामाला, माझे हात पिठाचे आहेत." मामा म्हणायचा, "अगं, भाची कधी ओवाळते का मामाला?" दर वर्षी तुझे हात पिठाचे. फौज आल्यावर तिकडच्या गावागावांत मुसलमानांना मारल्याच्या बातम्या तोवर शहरात पोचल्या होत्या. तुला वाटत होतं, खाला गावाचं नाव सांगत नाही कारण ते तुझंच गाव आहे. मामानं काही केलं होतं की फक्त बघत उभा होता की त्या गावचा काही संबंधच नव्हता, हे तू त्याला विचारलं नाहीस. त्यानंही आपणहून काही सांगितलं नाही. शेवटच्या आजारात तो तुझं नाव घेत होता. तू पायी चालत निघालीस खरी, पण खालाकडं, त्याच्याकडं नाही.

आता परवाचं. खाला नव्वदीला टेकली आहे, नातसुनेजवळ त्याच गल्लीत राहते. कान गेलेत, डोकं शाबूत. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी तिच्या कानाशी जाऊन विचारलंच, "खाला, वो गाँव कौनसा था?"

पोरीबाळींना म्हणतात तसं ती मला अजून मां म्हणते. "मेरेकू क्या मालूम, मां?"

मी पुन्हा विचारलं. मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. "तार में नै था," ती म्हणाली. "मय्यत बी नै आई. किसी ने बोलाच नै आज तलक."

"फिर आप अम्मी कू 'नक्को पूछो' कायकू बोले?"

"पूछते तो मैं क्या बोलती? मेरेकूच नै मालूम था." मग म्हणाली, "मैं समझी दुल्हन कू मालूम है. उनके भाई थे ना उधर. मेरा दिल दुखेगा बोल्के नै बताते, समझी मैं."

ऐकलंस ना, आई? तू समजत होतीस तिला माहीत आहे. ती समजत होती तुला माहीत आहे. आठवड्यामागून आठवडा तू नदी ओलांडून जात होतीस, दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसत होतात, सुपारी कातरत होतात, आणि दोघीही एकमेकींना सांभाळत होतात! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं तर कळसा कोणाच्याच काखेत नव्हता. मामावरचा तुझा राग एका 'नक्को'वर उभा होता. तो खरा होता की खोटा, हे आता कळायचा मार्गही नाही. मी तुझ्यावर इतकी चिडले की तू समोर असतीस तर खांदे धरून हलवलं असतं. एकदा विचारायचंस तरी, गं!

चिडूनच हे लिहायला बसले. आता तो राग ओसरला आहे आणि नुसतं सुन्न वाटतंय. हे पत्र कुठं जायचं नाही, माझ्या उशाशी राहील आणि पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत पोरं रद्दीत घालतील. त्यांना मराठी कुठं वाचता येतं? तेव्हा राहिलेलं तेवढं सांगून टाकते. मी निघायला उठले तर खालानं माझं मनगट धरलं. पकड अजून घट्ट आहे तिची. म्हणाली, "पर उनकू मालूम था ना, मां? वो कहाँ हैं, दुल्हन कू तो मालूम था?" तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं ती याच एका गोष्टीवर निभावली होती. तो माणूस कुठं पडला आहे हे जगात कोणाला तरी ठाऊक आहे, आणि ते कोणी तरी दर आठवड्याला चालत तिच्या दारी येतं.

मी 'हौ' म्हणाले, आई.

"बस," ती म्हणाली. "नाम नक्को बताओ." आणि तिनं माझे पाय बघितले, मी कशी आले ते बघायला. मी रिक्षानं गेले होते. तेही मी तिला पायी म्हणून सांगितलं.