कोरड्या पट्टीचा फोटो

नोएडा,
१४ नोव्हेंबर

ती. आईस,
रुचिराचा नमस्कार. तू तिसऱ्या मजल्यावर आणि मी खाली हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये, तरी पत्र लिहितेय. हसू नकोस. बाबा लक्ष्मीबाई नगरच्या घरून तुझा मऊ भात घेऊन निघालेत. लोणचं आणणार नाहीत.

काल डॉक्टर बोलत होते तेव्हा तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. म्हणून पुन्हा लिहिते. गुडघ्यात बसवलेला सांधा काढायचा. त्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा ठेवायचा. सहा आठवडे इंजेक्शनं. जंतू गेले की नवा सांधा. "मी काय स्कूटर आहे, सारखं उघडायला?" म्हणालीस आणि सहीचा कागद परत दिलास. मग भिंतीकडे तोंड करून, "हळदीकुंकवाला खाली बसले, मीच वाया घालवला तो गुडघा. आता तुम्हाला कशाला त्रास?"

आई, खाली बसल्याने जंतू होत नाहीत. मी विचारलं डॉक्टरांना.

ऑगस्टमधल्या ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी टाके ओले दिसले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी दिसलं की लगेच फोटो पाठवा. मी पाठवला, पण आदल्या दिवशीचा. कोरड्या पट्टीचा. मला नोकरी लागून नऊ दिवस झाले होते. तुला पुन्हा भरती केलं तर रजा कशी मागू, एवढंच डोक्यात होतं. आणि माझी दाढ काढली तेव्हाच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तुला 'ताकदीच्या' म्हणून दिल्या. पाणी थांबलं. मला वाटलं, सुटले. मागच्या आठवड्यात गुडघा गरम लागला तेव्हा राहिलेल्या दोन पुन्हा दिल्या.

तेव्हाच दाखवलं असतं तर सांधा न काढता, आत धुऊन, मधला प्लास्टिकचा तुकडा बदलून कदाचित भागलं असतं. आता जंतूंनी धातूवर थर धरलाय. एकाच ऑपरेशनात सांधा बदलायचा तर जंतू कोणता ते आधी कळायला हवं. आणि गुडघ्यातलं पाणी तपासलं, त्यात कोणताच जंतू वाढला नाही. आधी अँटिबायोटिक पोटात गेलं असलं की असं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "कोई एंटीबायोटिक दी थी?" माझ्या आधी तूच म्हणालीस, "मेरी बेटी बिना पूछे बुखार की गोली भी नहीं देती."

मीही 'हो' म्हणून मान डोलावली.

आज सकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त गोळीचं नाव आणि तारखा लिहून घेतल्या. ऑपरेशनच्या वेळी गुडघ्याच्या आतल्या मांसाचे तुकडे पुन्हा तपासायला पाठवणार आहेत.

लहानपणी तू मराठी शिकवायचीस तेव्हा चुकलं की मी पान फाडायला बघायची. तू हात धरायचीस. चुकीवर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायला लावायचीस. हे पत्र तीनदा फाडावंसं वाटलं.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण तू काहीही वाया घालवलेलं नाहीस, एवढं वाचून सही कर. कागद याच पाकिटात आहे. पाकीट सिस्टरकडे देऊन मी तुझ्या दाराबाहेरच्या बाकावर बसते. हाक मारलीस तरच आत येईन.

न विचारता गोळी देणारी,
तुझीच
रुचिरा