यरुशलेमचा अंगरखा, भवानी पेठेत

४ जाने.
इस्रायलहून रूबेनचं पार्सल आलं. वाटलं, दीड वर्षानं का होईना, मुलानं आईला काहीतरी पाठवलं. उघडलं तर सुताच्या लडी. जवसाच्या झाडाचं सूत म्हणे. आपल्याला जवस चटणीपुरता ठाऊक.
मग फोन. यरुशलेमचं, आम्हा ज्यूंचं, दोन हजार वर्षांपूर्वी पाडलेलं मंदिर पुन्हा उभं करायचंय, त्याच्या संस्थेनं याजकांचे जुने विधी शिकवायला घेतलेत, त्यासाठी अंगरखा हवा. खांद्यापासून पायापर्यंत अखंड विणलेला. सोलापूरला होईल ना? त्या जागी आज मशीद आहे, तिचं काय, विचारलं. म्हणाला, ते तुला नाही कळायचं.

६ जाने.
अंगरखा न्यायला स्वतः येणार. मार्चमध्ये, ह्यांना जाऊन वर्ष होईल तेव्हा. कादीश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. पुण्याचे दोघे धरून नऊ होतात. दहावा रूबेन. मी मोजण्यात नाही. चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, पण इथं माझी कोण घेणार.

९ जाने.
राजेशमकडे गेले. गल्लीत हातमागावर बसणारा आता तो एकटाच. त्याची धाकटी माझ्या वर्गात होती. राजेशमनं सूत बोटांवर घेऊन तोडून बघितलं. कोरड्या हवेत तुटणार, मागाखाली ओलं पोतं ठेवावं लागेल. पण करतो म्हणाला.

१२ जाने.
रूबेनला विचारलं, अंगरखा तू घालणार का? नाही म्हणाला. फक्त कोहेन, म्हणजे याजकांच्या घराण्यातल्यानं घालायचा, आणि आपल्या मराठी ज्यूंत, बेने इस्राएलांत, कोहेन नाहीत. म्हणजे हा नुसता घडी घालून कपाटात ठेवणार. दुसऱ्यांसाठी. संताप आला. बोलले नाही, उगाच येणं रद्द करायचा.

२० जाने.
ताणा चढला. राजेशमच्या बायकोनं मागाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, सुताला हळदीचं बोट लावलं. राजेशम म्हणाला, "साड्यांना करतो बाई, हे तर देवाचं कापड हाय की." मला भरून आलं. फोटो काढले.

१८ फेब्रु.
झाला! किती वेळ नुसता हात फिरवत बसले. रूबेनला सगळे फोटो पाठवले, पूजेचेसुद्धा. मोठ्या हौसेनं.

१९ फेब्रु.
रूबेनचा फोन. चालणार नाही. दुसऱ्या देवाची पूजा झालेलं कापड मंदिराला वर्ज्य. संस्थेच्या गुरूंनी फोटो बघूनच सांगितलं. धुतलं तरी नाही.
आणि तुझं तिकीट? "आता कशासाठी काढू?" हेच शब्द. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन तो असं बोललाच नाही.
बापासाठी काढ, असं म्हणायला हवं होतं. फोन ठेवल्यावर सुचलं.

२० फेब्रु.
बी.पी. वाढलंय. फोटो मीच पाठवले. दुसऱ्या कुणाला काय बोलणार.

२३ फेब्रु.
सात रस्त्याला औषधं घेताना राजेशम भेटला. देवाला घातला का, विचारलं. खोटं बोलणार होते, जमलं नाही. सगळं सांगितलं. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "हळद लावल्याबिगर आमी कुणाचंच कापड सुरू करत न्हाय, बाई. आजवर कुणी नको म्हटलं नव्हतं."

२५ फेब्रु.
रूबेनचा मेसेज. सूत पुन्हा पाठवतो. बिनपूजेचं विणून घे, समोर बसून लक्ष ठेव. मग नक्की येतो. पप्पांचं वर्ष महिनाभर पुढं ढकल.
हळदीचं एक बोट ह्या लोकांना चालत नाही. मेलेल्या बापाची तारीख मात्र हलवायची! दोनदा वाचलं. माझ्याच पोटचा आहे.

२६ फेब्रु.
सकाळी उत्तर लिहिलं. राजेशमला असलं काही मी सांगणार नाही. तारीख तीच राहील. अंगरखा नको, काही नको, रिकाम्या हातानं ये. बापासाठी ये.
निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचलंय. दुपार गेली, उत्तर नाही.
संध्याकाळी पुण्याला फोन करून दोघांना बोलावलं. त्यांतल्या थोरल्यानं विचारलं, इतक्या लांब येतोय खरे, पण दहा होतायत ना?
हो म्हणाले.