अक्रोडाचा केक आणि सहावी पाटी

मी, पोलिक्सेनी कारात्झा, राहणार कावाला, इंग्रजीच्या खासगी शिकवणीची निवृत्त शिक्षिका, पाय मोडून पलंगावर असले तरी डोके जागेवर असताना, कोणी न पढवता, आज माझ्या नामदिनी, म्हणजे माझ्या नावाच्या संताच्या दिवशी, हे मृत्युपत्र तोंडी सांगते. नोटरी फेव्रोनियाबाई त्सकीरी ते उतरून घेत आहेत. यापूर्वी केलेले नाही, पुन्हा करण्याची हौस नाही.

कलम एक. टेपरेकॉर्डर पाद्रीबुवांना. तो वारंवार बिघडला आणि वारंवार औषधवाले लाझारोस यांनीच दुरुस्त केला. लाल पेनांचा डबा समोरच्या शिकवणीचे मालक व्हीरोन देलिस यांना. मुलांच्या चुका त्यांना क्वचितच दिसतात, तेव्हा पेने त्यांना जन्मभर पुरतील. नोटरीबाई म्हणतात, हे वाक्य गाळू या. गाळू नये.

कलम दोन. वर्गाच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत सहा पाट्या आहेत: ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली, नेव्हर. म्हणजे ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत उतरणारी शिडी. प्रत्येकाने तिच्यावरून स्वतःच्या घरचे खरे वाक्य करायचे, हा माझा नियम. त्यामुळे कोणाचा बाप बहुधा कॉफीच्या दुकानात सापडतो, हे मला पाद्रीबुवांच्या आधी कळत असे. वरच्या पाच पाट्या माझा मेहुणा स्त्रातोस याला. सर्वांत खालची त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी बहीण क्रिसांथी हिला, कारण ती तिचीच आहे.

कलम तीन, खुलासा. हे घर क्रिसांथीला लग्नात द्यायचे ठरले होते. ऐनवेळी बाबांनी ते माझ्या नावावर केले; थोरलीचे लग्न काही जमत नाही, डोक्यावर छप्पर तरी असो, म्हणून. क्रिसांथी भाड्याच्या घरात नांदली. आई गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाला, प्रसादाच्या गव्हाची ताटली हातात असताना ती म्हणाली, “क्सेनी, तुझ्या उंबऱ्यावर मी कधीच पाय ठेवणार नाही. मेले तरी नाही!”

मी म्हटले, “नको ठेवूस. कोणाचं अडलंय तुझ्यावाचून?”

अडले होते. आमच्याकडे नामदिनाला आमंत्रण नसते; दार उघडे ठेवायचे, येईल त्याचे तोंड गोड करायचे. मी दरवर्षी उघडे ठेवले. सगळी गल्ली आली, ती आली नाही.

पुढे स्त्रातोस जहाजावरून निवृत्त झाला आणि माझ्या वर्गात येऊन बसला. मेलबर्नची नातवंडे इंग्रजीशिवाय बोलत नाहीत. पाट्यांच्या धड्याला उभा राहून त्याने इंग्रजीत सांगितले, “माझी बायको बाईंचं नाव कधीच घेत नाही. आज बाईंनी काय घातलं होतं, हे वारंवार विचारते. बाईंच्या नामदिनाला नेहमी अक्रोडाचा केक करते. कोणालाच देत नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटा खातो.”

वर्ग हसला. वाक्ये बरोबर होती. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू आले.

कलम चार. सबब हे घर वर्गासकट क्रिसांथीला. अट कोणतीही नाही.

नोंद. येथे काम थांबले. स्त्रातोस साक्षीदार म्हणून बसला होता.

“पाट्यांपुरता काणाडोळा केला, पण घराचा लाभ बायकोला असेल तर नवऱ्याची साक्ष चालत नाही,” नोटरीबाई म्हणाल्या. “बाई, हे आधी नाही का सांगायचं?”

“आधी सांगितलं असतं, तर तो ऐकायला कशाला बसला असता?”

स्त्रातोस टोपी विसरून जिना उतरला. त्याच्या जागी कोपऱ्यावरचे बेकरीवाले इओर्दानिस पिठाच्या हातांनी आले. त्यांना सर्व वाचून दाखवून होते तोच स्त्रातोस दारात परत, धापा टाकत, इंग्रजीत: “माझी बायको बहुधा उशिरा येते.”

त्याच्या मागे क्रिसांथी, हातात केकचा डबा. उंबऱ्याशी थांबली. मग आत आली.

नोटरीबाई म्हणाल्या, “ज्यांना लाभ आहे त्यांनी सहीच्या वेळी इथे थांबू नये. बाहेर व्हा.”

“इतक्या वर्षांनी आत आले, आणि ही म्हणते बाहेर व्हा! घर-बिर राहू दे, क्सेनी. आधी सुरी कुठे ठेवतेस ते सांग.”

कलम दोनमधील शेवटचे वाक्य रद्द. सहावी पाटीही स्त्रातोसलाच. केक खाऊन झाल्यावर, क्रिसांथी आणि स्त्रातोस स्वयंपाकघरात भांडी घासत असताना, सही केली.

पोलिक्सेनी कारात्झा

साक्षीदार: लाझारोस पेहलिवानिस, औषधविक्रेते, दोम्ना तुलूमी, शेजारीण, इओर्दानिस केसिदिस, बेकरीवाले

समक्ष: फेव्रोनिया त्सकीरी, नोटरी

कावाला, २३ सप्टेंबर २०१४