कोरी ठेवलेली तारीख

ती. बाबा आणि आई,

दोघांच्या पाया पडते. मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होतं. ताईची मुलं नव्या शाळेत रुळली का?

बाबा, आपल्या गावचा दवाखाना वाचवायला तुम्ही दारोदार फिरून गोळा केलेल्या सह्या पोचल्या. कचेरीत माझ्याच टेबलावर आल्या. तुमचं अक्षर बघून ऊर भरून आला.

पण तुमच्यापासून काय लपवू? दवाखाना बंद करायचा ठराव मी सुनावणीच्या आठ दिवस आधीच टाइप केला होता. ‘नागरिकांच्या हरकतींचा सखोल विचार करून’ असंसुद्धा त्यात होतं. मी म्हटलं, “साहेब, सुनावणी तर अजून व्हायचीय.”

साहेब हसले. “म्हणून तर तारीख कोरी ठेवलीय.”

सुनावणीला आपल्या नर्सबाई आल्या, दोन गाड्या बदलून. त्या बोलत होत्या, अध्यक्ष फोनमध्ये डोकं घालून बसले होते. शेवटी म्हणाले, “नोंद घेतली.” इतिवृत्तात मला एकच ओळ लिहायला सांगितली होती, मी बाईंचा शब्द न् शब्द लिहिला. त्याचं बक्षीस म्हणून आता तळघरात, जुन्या फायलींत बसवलंय. काळजी नको, काम हलकं आहे. तुमच्यासारख्यांचे अर्ज इथं छताला टेकलेत, कित्येक गठ्ठ्यांची गाठसुद्धा कुणी सोडलेली नाही.

तुम्ही पुन्हा सह्या गोळा करताय, असं ताईनं कळवलं. ‘नको’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण आईला बरोबर घेऊन उन्हात फिरू नका, बाबा. तिला धाप लागली तर आता न्यायचं कुठं?

तुमची,
धाकटी