तीन भिंतींचा गिलावा

दादा,

तुझा निरोप मिळाला. "प्लॉट विकतोय, घरातली म्हणून आधी तुला विचारतो." केवढे उपकार!

बाबांनी जागा आपल्या दोघांत निम्मी निम्मी वाटली. मी माझ्या निम्म्यावर घर बांधलं, तू तुझ्या निम्म्यावर गवत वाढवलंस. कर मात्र घराला. गवताला जवळजवळ माफच. त्यातून बाहेरच्या भिंतींना गिलावा केला की घर पूर्ण झालं असं धरायचे आणि कर दुप्पट व्हायचा. म्हणून तुझे मेव्हणे, स्वतः गवंडी असून, जन्मभर उघड्या विटांच्या घरात राहिले आणि तिथेच गेले. तेव्हा भेटायला आलास आणि भिंतीवर हात फिरवून म्हणालास, "कमाल आहे, गवंड्याचंच घर अर्धवट!" तरी मी तुला चहा दिला.

आता म्हणतोस, भाव वाढलाय. रस्ता झाला, नळ आला, दिवे आले. अरे, ते काय तुझ्या गवतातून उगवले? गल्लीतल्या आम्ही घरवाल्यांनी भरलेल्या करातून आले. तुझ्या जागेवर माझ्या मुलाला दोन खोल्या बांधायच्या होत्या. आम्हीच वाढवलेला भाव आता आम्हालाच परवडत नाही.

हे पत्र पाठवणार नाही, तू वाचून हसशील. काल मुलाने घराला गिलावा केला. होऊ दे कर दुप्पट. तुझ्या बाजूची भिंत मात्र मी तशीच ठेवायला लावली. जागेचा भाव विचारायला येणाऱ्याने आधी त्या विटा बघाव्यात.

तुझी शेजारीण